वही मालकाची, किल्ली कोणाची?

जुन्या पेढीवरचा मुनीम नोकरी सोडून गेला, तरी चोपड्या पेढीवरच राहत. रोजकीर्द, खतावणी आणि उधारीची वही गादीजवळच्या कपाटात असे. अक्षर मुनिमाचे, परंतु वही मालकाची, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसे. नवा मुनीम येई, चार दिवस जुनी पाने चाळी आणि पाचव्या दिवशी पुढे लिहू लागे. हिशेब संगणकावर गेले आणि ही साधी व्यवस्था नकळत मोडली. आज वही मालकाचीच आहे. पण ती उघडण्याची किल्ली पुष्कळदा ती संगणकावर मांडून देणाऱ्याच्या खिशात असते.

नगर-पाथर्डी रस्त्यावरील तिसगावसारख्या बाजारगावाच्या दृष्टीने हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. अशा गावातील व्यवहारांचे स्वरूपच निराळे असते. कृषिसेवा केंद्राची उधारी महिनाअखेरीस मिटत नाही. ती कापूस विकला गेल्यावर किंवा उसाचे पैसे हाती आल्यावर मिटते. दूध संकलन केंद्रात दर वेळी फॅट पाहून भाव ठरतो आणि देयकातून पशुखाद्याची रक्कम वळती होते. पाथर्डी तालुक्यातून दर हंगामात ऊसतोडणीसाठी मजूर परमुलखात जातात. त्यांच्या मुकादमाला प्रत्येक कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल किती, तोडणी किती टन आणि फिटले किती, हे मांडावे लागते. महानगरातील दुकानदारासाठी तयार केलेल्या सॉफ्टवेअरला ‘उचल’ हा शब्दच ठाऊक नसतो.

येथेच स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तरुण संगणक-सल्लागाराचे प्रयोजन निर्माण होते. नगर किंवा पुण्यास शिकलेला, गावची बोली आणि गावचा व्यवहार जाणणारा मुलगा दुकानदाराजवळ बसून त्याची रीत समजून घेतो आणि तिला साजेशी आज्ञावली लिहून देतो. या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. आज देशभर दुकानोदुकानी आढळणाऱ्या ‘टॅली’चा उगमही एका व्यापाऱ्याच्या अडचणीतच आहे. १९८६ च्या सुमारास बंगळूरच्या श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या व्यवसायाच्या हिशेबासाठी मनाजोगती आज्ञावली मिळेना. तेव्हा ती त्यांचे पुत्र भरत यांनी लिहिली.

परंतु टॅलीमागे पुढे एक संस्था उभी राहिली. गावच्या सल्लागारामागे त्याचा एकट्याचा संगणक असतो. दोन वर्षांनी त्याला पुण्यात नोकरी लागते. त्यात त्याचा दोष नाही; नोकरी मिळणे हे त्याचे भाग्यच. मात्र ऐन हंगामात दुकानातील यंत्र बंद पडते, आज्ञावली पुन्हा चढवावी तर ज्याला व्यवहारात सोर्स कोड म्हणतात ती मूळ संहिता मालकाजवळ नसते, परवलीचा शब्द त्याला ठाऊक नसतो आणि माहितीची दुसरी प्रत कोणी ठेवलेली नसते. मग शेकडो शेतकऱ्यांची देणी-घेणी स्मरणावर येऊन ठेपतात. या स्मरणात चूक झाली, तर तिचा भार बहुधा दुबळ्याच्याच माथी बसतो.

‘पैसे मोजले, म्हणजे वस्तू आपली झाली,’ अशी बहुतेक व्यापाऱ्यांची समजूत असते. कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक-आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून ती लिहिली, तर एरवी काही ठरले नसल्यास हक्क मालकाकडे जातो. स्वतंत्र सल्लागाराने लिहिली, तर सामान्यतः तो त्याच्याकडेच राहतो. हा हक्क दुसऱ्यास द्यावयाचा, तर लेखी व सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत नमूद नसेल, तर ती पाचच वर्षे धरली जाते. तोंडी बोलीला येथे स्थान नाही.

तथापि सर्व दोष एकाच पक्षाच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. एकदा ठोक रक्कम देऊन जन्मभर फुकट सेवेची अपेक्षा करणारे मालक थोडे नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे दर बदलले. ट्रॅक्टर आणि ठिबक सिंचनाच्या साहित्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. असा बदल आज्ञावलीत करणे हे श्रमाचे काम आहे. विहिरीवरचा पंप दुरुस्त करणाऱ्यास दर खेपेस मजुरी देणारा मनुष्य या श्रमाचे मोल देताना का कचरतो? दिसत नाही ते श्रमच नव्हेत, ही समजूत यामागे असावी. मोल न मिळालेला तरुण गाव सोडतो. आणि मग गाव त्याच्या नावाने बोटे मोडते.

गावगाडा विश्वासावर चालतो, तेथे कागद कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. वस्तुतः कागद विश्वासाचा शत्रू नाही. तो विसराळूपणावरचा उपाय आहे. करारात चार गोष्टी स्पष्ट असल्या म्हणजे पुरे. माहिती मालकाची आणि ती केव्हाही साध्या तक्त्याच्या रूपात काढून घेता आली पाहिजे. मूळ संहितेची अद्ययावत प्रत मालकाजवळ राहील आणि ती दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेण्याची त्याला मुभा असेल. तीच आज्ञावली अन्यत्र विकण्याचा हक्क सल्लागाराचा राहील. आणि देखभालीचे वार्षिक मानधन ठरलेले असेल. हे मराठीत, एका पानात लिहिता येते. गावातील शिक्षक वा लेखनिक ते सहज लिहून देईल. संगणक शिकवणाऱ्या महाविद्यालयांनीही विद्यार्थ्यांकडून असे एखादे पान लिहवून घ्यावे.

याहून पुढचे पाऊलही टाकता येईल. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना संमत केली आणि सर्वांसाठी एकच सामाईक सॉफ्टवेअर ठरवले. दुकानदार, दूध संकलक आणि मुकादम यांच्यासाठी मात्र सरकार धावून येणार नाही. पण सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला, त्या जिल्ह्याने यासाठी सरकारची वाट का पाहावी? एकाच धंद्यातील दहा दुकानदारांनी मिळून एक आज्ञावली करवून घेतली, तर प्रत्येकाचा खर्च घटेल आणि सल्लागाराला गावातच राहण्याइतके नियमित काम मिळेल. एक गेला, तर दुसरा त्याची जागा घेऊ शकेल.

दिवाळीत व्यापारी आजही वहीची पूजा करतो. कोठे वहीशेजारी संगणकही मांडला जातो. त्या दिवशी हळदकुंकू वाहण्यापूर्वी मालकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही वही लिहून देणारा उद्या गावात नसला, तर ती आपल्याला उघडता येईल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर पूजेइतकाच त्या एका पानाच्या कराराचाही मुहूर्त साधलेला बरा.