आकडा दावोसचा, हजेरी ठेकेदाराची

2025 मध्ये मराठवाड्यातल्या पुराने शेतं खरवडून नेली, पहिलीपासूनच्या हिंदीचा घाट सरकारला मागे घ्यावा लागला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांवर युनेस्कोची मोहोर उमटली. त्या वर्षी आम्हाला छळलं ते मात्र एका आकड्याने. जानेवारी 2025 मध्ये दावोसच्या आर्थिक परिषदेत राज्याने पंधरा लाख कोटींहून अधिक रकमेचे सामंजस्य करार केले आणि जवळपास 16 लाख रोजगारांची ग्वाही दिली. (त्यातल्या कित्येक कंपन्या इथल्याच. त्यांना गाठायला आल्प्स कशाला चढावा लागतो, ते राहू द्या.)

परदेशी भांडवल नोकऱ्या आणतं, यात वाद नाही. मोटारकंपन्या आल्या म्हणून चाकणच्या आसपास सुट्या भागांची वर्कशॉप्स उभी राहिली. पण तळेगाव बघा. जनरल मोटर्सचा कारखाना 2008 साली सुरू झाला आणि डिसेंबर 2020 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. तो घ्यायला निघालेली चिनी मोटारकंपनी ग्रेट वॉल सरकारी मंजुरीत अडकली, 2022 मध्ये व्यवहार बारगळला. पुढच्या वर्षी ह्युंदाईने करार केला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा. माणसं त्या यादीत नव्हती. ले-ऑफ मिळालेले हजाराहून अधिक कामगार बाहेरच राहिले. कागदावर एकाच जागेत दोनदा परकीय गुंतवणूक आली, गेलेलं काम कुणी वजा केलं नाही.

‘कायम नोकरीचा हट्ट धराल तर उद्योग गुजरातला जातील’, असं आम्हाला सुनावलं जातं. 2022 मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तिकडे गेलाच की. वर्षभरात फॉक्सकॉननेच अंग काढून घेतलं. मागणी वरखाली होते, काही कंत्राटी हात लागणारच, हेही मान्य. पण देशातल्या संघटित कारखानदारीत आज दहातले चार कामगार कंत्राटी आहेत. सलग सेवेचे हक्क देणारे 240 दिवस भरायच्या आत ब्रेक, मग तोच मुलगा त्याच लाइनवर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर! हात बसेपर्यंत गेटाबाहेर पडणाऱ्याकडे कौशल्य साठणार कुठून? जीएसटी परतावा, वीजशुल्क माफी या सवलती करदात्याच्या खिशातून जातात. त्या टिकलेल्या नोकऱ्यांशी, म्हणजे वर्षानुवर्षं चालू राहिलेल्या पीएफ खात्यांशी जोडाव्यात, एवढंच आमचं म्हणणं.

पुढच्या दावोसला नवा आकडा येईल. त्याआधी सरकारने जुन्या 16 लाखांचा तालुकावार तक्ता काढावा: कोण आत गेलं, कुणाच्या हजेरीवर, किती पगारावर. छापायला आमची पानं मोकळी आहेत, जाहिरातीचा दर न लावता.