संशयाचा फायदा

नाताळ हा शांतीचा आणि सद्भावनेचा सण. पण त्या सुट्टीत इंग्रज वाचक शेकोटीजवळ बसून आवडीने वाचतो ते खुनाचे पुस्तक! अॅगाथा ख्रिस्तीच्या प्रकाशकांनी 'नाताळला ख्रिस्ती' ही तर जाहिरातच करून टाकली होती. जे. जेफर्सन फारजन यांची 'मिस्टरी इन व्हाइट' ही 1937 मधली विस्मरणात गेलेली कादंबरी ब्रिटिश लायब्ररीने 2014 मध्ये पुन्हा छापली आणि नाताळच्या हंगामात ती धडाक्याने खपली. सणासुदीला खास वाचन हवे, हे मराठी माणसाला सांगायला नको. 1909 मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी नाताळ अंकांचाच नमुना होता.

पण सणात खूनच का? ख्रिस्तीने याचे मर्म ओळखले होते. वर्षभर एकमेकांना टाळणारे नातलग सणाला एका छताखाली येतात, तोंडावर हसू ठेवतात आणि जुने हिशेब उकरून काढतात. 1938 च्या 'हर्क्यूल पॉइरोज ख्रिसमस'मध्ये एक जुलमी म्हातारा धनाढ्य मुलासुनांना नाताळसाठी घरी बोलावतो आणि आदल्या रात्री मारला जातो. त्या घटकेपासून घरातला प्रत्येक जण संशयित ठरतो.

या कथांची खरी गंमत त्या संशयातच आहे. त्यासाठी आर्थर कॉनन डॉइल यांची 'द ब्लू कार्बंकल' ही कथा पाहावी. 1892 च्या जानेवारीत 'स्ट्रँड' मासिकात ती आली. तीत खून नाही. लंडनच्या एका बड्या हॉटेलात सरदार घराण्यातल्या बाईंचे निळे रत्न चोरीला जाते आणि पोलीस प्लंबरला धरतात. तो त्या खोलीत काम करून गेलेला आणि पूर्वी शिक्षा भोगलेला. मग आणखी काय हवे? रत्न सापडते मात्र नाताळच्या मेजवानीसाठी घेतलेल्या हंसाच्या पोटात. तो हंस हेन्री बेकर नावाच्या, दिवस फिरलेल्या माणसाचा. गुत्त्यातल्या भिशीत दर आठवड्याला काही पेन्या टाकून त्याने तो मिळवलेला.

आता संशय बेकरवर यायला हवा. पण तो हंस हाती आलेला डॉइल यांचा गुप्तहेर शेरलॉक होम्स त्याला दरडावत नाही. बदली हंस पुढे करतो आणि सहज सांगतो, तुमच्या पक्ष्याची पिसे, पाय वगैरे अजून इथे आहेत, हवे तर न्या. बेकर हसतो, ते घेऊन करू काय, म्हणतो आणि नवा हंस काखेत मारून निघतो. रत्नाची त्याला गंधवार्ता नाही, हे तेवढ्यावरून सिद्ध होते. शेवटी खरा चोर हाती लागतो. त्याचे नाव आम्ही फोडणार नाही. होम्स त्यालाही जाऊ देतो. प्लंबरवरचा खटला आता टिकणार नाही, हे त्याने आधी ताडलेले असते. तुरुंगात धाडले तर हा भेदरलेला माणूस जन्माचा गुन्हेगार होईल, असा त्याचा हिशेब. कायद्यात हे बसत नाही, हे खरेच. पण निरपराध सुटला पाहिजे, या मुद्द्यावर होम्स तसूभर ढळत नाही.

आज कोणाचे तरी नाव भ्रमणध्वनीवर फिरते आणि संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागलेला असतो. ज्याची पूर्वीची नोंद वाईट, ज्याचे कपडे मळके, तो आधी धरला जातो. रहस्यकथा वाचकाची हीच घाई पकडते. पहिल्या प्रकरणात आपण ज्याला दोषी ठरवतो, तो शेवटी निर्दोष निघतो आणि आपल्याला आपलीच लाज वाटते. करमणुकीच्या पुस्तकाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.

तेव्हा या सुट्टीत एखादी रहस्यकथा अवश्य वाचा. भालबा केळकरांनी होम्सला मराठीत आणले आहेच. शेवटचे पान आधी उघडू नका. आणि पुस्तक मिटल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल मत बनवतानाही तेवढाच धीर धरा.