गुढीपाडवा, पट वाढवा आणि माझं लँडिंग पेज

तर झालं असं की पाडव्याच्या आधी पिंपळगाव राजाहून मावसभावाचा फोन आला. दादा गावाजवळच्याच एका खेड्यात झेडपीच्या शाळेवर गुरुजी आहे. म्हणाला, "तू कंपनीत वेबसाइटा बनवतो ना? आमच्या शाळेले एक पान बनवून दे बा. पट वाढवा लागते."

ज्यांच्या घरात कोणी मास्तर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पट म्हणजे शाळेत नाव असलेली मुलं. 'गुढीपाडवा, पट वाढवा' ही झेडपी शाळांची ओळखीची घोषणा. आमच्याकडे उन्हामुळे शाळा उघडतात जूनच्या अखेरीस, पण गुरुजी लोक मार्च-एप्रिलपासूनच घरोघर फिरून पहिलीत जाणारी पोरं शोधत असतात. कारण शिक्षकांची पदं पटावर ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंतच्या शाळेला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 पासून 90 पर्यंत तीन असं प्रमाण दिलंय. दादाच्या शाळेचा पट 58. वर्ग पाच, शिक्षक दोन. म्हणजे अजून तीन पोरं आली तर तिसरा शिक्षक मागायला आधार होतो. आपण हापिसात ज्याला 'टार्गेट' म्हणतो ते इथं तीन पोरांचं होतं!

मला वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम. लँडिंग पेज म्हणजे जाहिरातीवर टिचकी मारली किंवा क्यूआर कोड स्कॅन केला की माणूस जिथे उतरतो ते पान. त्याचं काम एकच: नाव आणि नंबर काढून घेणं. मेनू नको, बाहेर जायच्या वाटा नकोत, एक मोठं बटण हवं. शनिवारी बसून बनवलं. वर ब्लेझर घातलेल्या मुलांचा फुकटातला स्टॉक फोटो, खाली 'फक्त 7 जागा शिल्लक', आणि मग फॉर्म. एकदम कडक.

दादाने मोबाइलवर पाहिलं आणि विचारलं, "हे कोणाची पोरं व्हय?" मग म्हणाला, "अन् सात जागा कायच्या? आपल्या इथं जागा सरत नाहीत. येईल त्या पोराले घ्याच लागते."

खरंच की. त्याच्या शाळेचा सगळ्यात मोठा गुण हाच की ती कोणाला नाही म्हणत नाही. आणि मी नेमका तोच गुण झाकून खोटी टंचाई विकत होतो.

तरी मी हटलो नाही. म्हटलं, आधी स्पर्धक काय करतात ते बघू. एका मोठ्या शहरातल्या खाजगी शाळेचं पान उघडलं. फी कुठेच नाही. 'फी जाणून घेण्यासाठी नंबर द्या.' माझा नंबर द्यायचं जिवावर आलं म्हणून घरचा, म्हणजे बाबांचा नंबर टाकला. मुलीचं नाव ठोकून दिलं पिंकी. आणि विसरून गेलो.

पुढचे दोन आठवडे बाबांना फोन. सकाळी, दुपारी, शेतात असताना. "सर, बेटी के एडमिशन के बारे में..." शेवटी बाबांनी मला फोन केला. "मले पोरगी कधी झाली रे?" मी हसलो, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "मी फी विचारली तर म्हणे, शाळेत या, मंग सांगू. कापसाचा भाव व्यापारी फाटकातच सांगते. शाळावाल्याले फी सांगाले काय होते?"

त्याचं उत्तर मला माहीत होतं, म्हणून जास्त लागलं. फी लपवली की फॉर्म जास्त भरले जातात. पान चांगलं चाललं की वाईट, हे आमच्या धंद्यात फॉर्म मोजूनच ठरतं. आम्ही त्या माणसाला 'लीड' म्हणतो. लीडला बाप नसतो, शेत नसतं, पोटाला चिमटा काढून बाजूला ठेवलेले पैसे नसतात. पालक रात्री पान उघडतो तेव्हा त्याला चारच गोष्टी हव्या असतात: फी किती, शिक्षक किती, इंग्रजी कधीपासून, गाडी येते का. त्याच दडवून त्याचा नंबर घ्यायचा, याला मी आता मार्केटिंग म्हणायला तयार नाही.

कोणी म्हणेल, साहेब, आदर्शवाद ठीक आहे, पण गावोगाव 'कॉन्व्हेंट'ची पिवळी गाडी दारात येते (आमच्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात), तिथे झेडपीने सोज्वळ राहून भागेल का? प्रश्न बरोबर आहे. मीही दादाला म्हटलं होतं की दोनच शिक्षक आहेत हे लिहू नको, लोक पळतील. तो म्हणाला, "गावाले माहीत नाही काय? खोटं लिहिलं तं बाकीच्यावरही विश्वास नाही बसणार." गावात लँडिंग पेजची तपासणी पारावर होते, हे मी विसरलोच होतो. आणि शहरात पार नाही म्हणून आपण काहीही खपवतो.

मग दुसरं पान बनवलं. स्टॉक फोटो काढला, शाळेच्या भिंतीचा आणि कडुनिंबाचा टाकला. फी: शून्य. पुस्तकं आणि दुपारचं जेवण: मोफत. शिक्षक: दोन. गाडी: नाही. शाळेचा 11 अंकी युडायस क्रमांक टाकला, म्हणजे सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती कोणालाही ताडून बघता येईल. फॉर्म काढूनच टाकला. त्याच्या जागी दादाचा नंबर आणि एक ओळ: 'शनिवारी सकाळी या, वर्गात मागे बसा, बघा आणि मग ठरवा.' पान इतकं हलकं झालं की शेतातल्या एका काडीच्या नेटवर्कवरही उघडतं.

माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक शाळेच्या पानावर, झेडपी असो की इंटरनॅशनल, फी, शिक्षकसंख्या आणि युडायस क्रमांक फॉर्मच्या आधी दिसायलाच हवेत. कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई आहे, पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड आहे. तरी 'वडिलांचं वार्षिक उत्पन्न' विचारणारे फॉर्म सर्रास दिसतात. मित्रांनो, हे फॉर्म आकाशातून पडत नाहीत. ते तुमच्या-माझ्यासारखं कोणीतरी शुक्रवारी संध्याकाळी घाईत लाइव्ह करतं. पुढच्या वेळी तो रकाना टाकताना क्लायंटला एकदा 'कशाला?' एवढं तरी विचारा.

असो. पानाचं काय झालं? एका शनिवारी दोन घरचे लोक येऊन वर्गात मागे बसले. एकाने नाव घातलं, दुसऱ्याने गाडी नाही म्हणून नाही घातलं. पट 59. दादा अजून उन्हात फिरतोय.

ता.क. पिंकीसाठी बाबांना परवा पुन्हा फोन आला होता. सीट होल्ड करून ठेवलीय म्हणे!