म्हातारी कोंबडी गप्प बसते तेव्हा

दोस्तांनो, एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिची सहा वर्षांची कोंबडी चार दिवस पिसं फुलवून कोपऱ्यात बसून आहे. डॉक्टरांनाही नेमकं कारण सापडेना. घरचे म्हणतात, 'म्हातारी झाली, कापून टाकू.' काका, काय करू?

आधी घरच्यांना हे वाचून दाखव : आजारी कोंबडी कापायची नाही, खायची तर नाहीच! आणि वय झालं म्हणशील, तर काही कोंबड्या आठ-दहा वर्षंही जगतात.

कोंबडी दुखणं लपवते. अशक्त दिसली की बाकीच्या टोचतात ना! म्हणून ती आजारी 'दिसते', तोवर दुखणं बरंच मुरलेलं असतं.

तिला डालग्याखाली वेगळी, उबेत ठेव. कोंबडीचं अंग ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम असतं. ती ऊब टिकवण्यातच आजाऱ्याची ताकद जाते. पाणी चोचीजवळ ठेव, कण्या भिजवून दे. पहाटे दाणे टाकण्याआधी गळ्याखालची पिशवी हळूच चाचपून बघ. रात्रीतून ती रिकामी व्हायला हवी. भरलेली, टणक लागली तर अन्न पुढे सरकत नाहीये. हे सगळं, शिवाय विष्ठेचा रंग आणि रोजचं वजन वहीत लिही, अन् वही डॉक्टरांना दाखव. आपल्या तापाच्या गोळ्या तिला मुळीच नकोत.

दर वेळी हात साबणाने धू. इतर कोंबड्याही पटापट मरू लागल्या, तर लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता.

एवढं करूनही ती कदाचित जाईल, कारण न कळताच. तोवर सकाळचं कोवळं ऊन तिला मिळू दे. आणि वजन किती भरलं, ते मला कळव.