उंटावरून ब्लूटूथ

"एकदाच लिहा, दोन्हीकडे चालवा" हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं की माझी कपाळावरची शीर ताडताड उडायला लागते. मोबाईलची अ‍ॅप्स लिहून पोट भरणाऱ्या बाईने असं म्हणावं हे जरा विचित्रच. पण आज मनातलं सगळं लिहूनच टाकणार आहे.

ही घोषणा नवी नाही. सन कंपनीने १९९५ मध्ये जावा आणली तेव्हापासून ती वेगवेगळे कपडे घालून येते आहे. एकदा लिहा, कुठेही चालवा, असं सनवाले म्हणत. वैतागलेल्या प्रोग्रॅमर मंडळींनी लगेच त्याचं विडंबन केलं, एकदा लिहा आणि सगळीकडे दुरुस्त करत बसा. पुढे बटणांच्या फोनवर जावा आली तेव्हा फोनला ब्लूटूथ असायचं, पण जावाच्या प्रोग्रॅमला ते वापरायची सोय असेलच असं नाही. ती सोय ऐच्छिक होती, प्रत्येक मॉडेलची वेगळी. तीस वर्षं झाली. घोषणा तीच आहे आणि फसणारे नवे आहेत.

आता घरच्या वाचकांसाठी थोडक्यात. (आत्या, तू हे वाचतेस आणि मग आईला फोन करून "ही नक्की करते काय गं?" असं विचारतेस, हे मला ठाऊक आहे.) अँड्रॉइड फोनचं अ‍ॅप कॉटलिन किंवा जावा भाषेत लिहितात आणि आयफोनचं स्विफ्टमध्ये. म्हणजे एकाच कामाला दोन भाषा, दोन टीम, दुप्पट खर्च. यावर उपाय म्हणून तिसरीच भाषा आली. फ्लटरमध्ये डार्ट, रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये जावास्क्रिप्ट. त्यात एकदा लिहायचं आणि तेच दोन्ही फोनवर चालवायचं. पडदे, बटणं, याद्या, हिशेब हे सगळं खरोखर चालतं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

पण कॅमेरा, ब्लूटूथ, जीपीएस, बोटाचा ठसा ही सगळी फोनच्या मालकीची मंडळी. ती फक्त त्या फोनची भाषा बोलतात. मग मध्ये दुभाषा लागतो. आमच्यात त्याला पूल म्हणतात, फ्लटरवाले चॅनल म्हणतात. वरचा डार्टचा कोड खाली चिठ्ठी टाकतो, त्यावर कामाचं नाव आणि सोबत लागणारी माहिती. खाली अँड्रॉइडवर कॉटलिनमध्ये आणि आयफोनवर स्विफ्टमध्ये कुणीतरी ती चिठ्ठी वाचून काम करतो आणि उत्तर वर पाठवतो. नावात एक अक्षर चुकलं तर खाली ऐकायला कुणीच नसतं आणि वरती एरर येते.

आता मोजा. वर एकदा लिहिलं, खाली अँड्रॉइडसाठी एकदा, आयफोनसाठी एकदा. "एकदाच लिहा" म्हणता म्हणता ते तीनदा झालं! सॉफ्टवेअर विकणारा ग्राहकाला हे सांगत नाही.

माझं भांडण पुलाशी नाही. हा पूल सुधारावा म्हणून हुशार माणसांनी खूप कष्ट घेतलेत. २००८ मध्ये फोनगॅप आलं. त्यात अ‍ॅप म्हणजे खरं तर आत उघडलेलं वेबपान, आणि तिथून फोनशी बोलायची एक खिडकी. २०११ मध्ये अडोबीने ती कंपनी घेतली, कोड अपाची संस्थेला दिला आणि त्याचं कॉर्डोव्हा झालं. २०१५ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आलं. त्याचा जुना पूल प्रत्येक निरोप मजकूर करून पलीकडे धाडायचा, तिथे तो पुन्हा उलगडायचा. निरोप फार झाले की अ‍ॅप अडखळायचं. ती व्यवस्था मुळापासून बदलायला त्यांना कित्येक वर्षं लागली आणि २०२४ मधल्या ०.७६ आवृत्तीपासून नवी रचना आपोआप चालू झाली. फ्लटरवाल्यांनी पिजन नावाचं साधन दिलं. ते दोन्ही बाजूंचा जुळणारा कोड तयार करून देतं, त्यामुळे अक्षर चुकण्याची भानगड कमी झाली. पूल रुंद झाला, वेगवान झाला. पण पलीकडचा गाव आपल्याला माहीतच नसेल तर पुलाचा उपयोग काय?

आणि पलीकडचे गाव दोन आहेत. त्यांचे रीतिरिवाज वेगळे. ब्लूटूथचंच घ्या. अँड्रॉइड तुम्हाला समोरच्या यंत्राचा पत्ता देतो. आयफोन तो लपवतो आणि स्वतःच एक ओळख तयार करून देतो, जी दुसऱ्या आयफोनवर वेगळी असते. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत आसपासची ब्लूटूथ यंत्रं शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आला आणि ब्लूटूथच्या परवानग्या वेगळ्या झाल्या. आयफोनवर कॅमेरा कशासाठी हवा ते कारण आधी लिहून ठेवलं नसेल, तर २०१६ च्या आयओएस १० पासून अ‍ॅप जागच्या जागी बंद पडतं. यातलं काहीही डार्टमध्ये शिकायला मिळत नाही.

आता एक खरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका दूध संकलन केंद्राचं अ‍ॅप दुरुस्त करायला माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणी केलेलं, आणि करणारे आता फोन उचलत नव्हते. व्यवस्था साधी होती. इलेक्ट्रॉनिक काटा, त्याला जोडलेली ब्लूटूथची स्वस्त चकती आणि समोर अँड्रॉइड फोन. काटा वजन सारखं पाठवत राहतो, एकामागून एक ओळी. पण ब्लूटूथच्या या प्रकारात येतो तो प्रवाह. एक ओळ एका घासात येईल असं वचन कुणी दिलेलं नाही. "१२.४५" हे कधी सलग येतं, तर कधी आधी "१२." आणि मग "४५".

वापरलेलं प्लगिन मिळेल तो तुकडा तसाच वर ढकलत होतं. वरचा कोड त्या तुकड्यालाच वजन समजत होता, आणि तुकड्याचा आकडा झाला नाही तर शून्य धरत होता. काट्यावर १२.४५, फोनवर कधी १२, कधी ४५, कधी शून्य! पहाटे सहाला किटल्या घेऊन रांग लागलेली, आणि केंद्रावरचा मुलगा बिचारा काट्याकडे बघून वहीत पेनाने लिहितोय. त्या आकड्यावर दहा दिवसांनी बिल निघणार होतं. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईच्या चिठ्ठीवर शून्य लिटर छापून आलं, तर तिने कुणाला जाऊन विचारायचं? डार्टला?

दुरुस्ती किती मोठी होती? कॉटलिनच्या साधारण चाळीस ओळी. पुलाच्या खालीच तुकडे गोळा करायचे, ओळ पूर्ण झाली की तपासायची, आकडा स्थिर झाला की मगच वर पाठवायचा. आणि वाचता आलं नाही तर "वाचता आलं नाही" असंच सांगायचं, शून्य नव्हे. शून्य हे उत्तर आहे आणि "माहीत नाही" हे वेगळं उत्तर आहे. चाळीस ओळींचं काम, पण त्या टीममध्ये कॉटलिन येणारं एकही माणूस नव्हतं. सगळे वर, उंटावर. शेळ्या खाली.

मग मालकांनी विचारलं, "ताई, आयफोनवर पण चालेल ना? कोटेशनमध्ये फुकट लिहिलंय." मी त्यांना सांगितलं की ही चकती जुन्या सिरियल पद्धतीने बोलते आणि अ‍ॅपलच्या परवाना योजनेत नसलेल्या यंत्राशी तसं बोलायची मुभा आयफोन साध्या अ‍ॅपला देत नाही. चकती बदलावी लागेल, कमी ऊर्जेवाल्या ब्लूटूथची घ्यावी लागेल आणि खालचा कोड नव्याने लिहावा लागेल. ते बराच वेळ गप्प बसले. कोटेशन लिहिणाऱ्याला ही गोष्ट माहीतच नव्हती किंवा माहीत असून त्याने लिहिली नव्हती. दोन्हींपैकी जास्त वाईट कोणतं ते तुम्हीच ठरवा.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. पहिला मुद्दा, छोट्या धंद्याला दोन टीम परवडत नाहीत. शंभर टक्के मान्य. मी स्वतः फ्लटर वापरते आणि उद्याही वापरेन. एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडलं, कारण दोनाच्या जागी तीन बाजू सांभाळायची वेळ आली. उलट शॉपिफायने २०२० मध्ये तेच रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आपलंसं केलं. दोघांकडेही खालचं जाणणारी माणसं होती. निर्णय कुठलाही घ्या, डोळे उघडे ठेवून घ्या इतकंच.

दुसरा मुद्दा, प्लगिन आहे की! हो, आहे. कॅमेरा, लोकेशन यांची लाखो अ‍ॅप्समध्ये चालणारी प्लगिनं खरंच दणकट आहेत. पण तुमच्या काट्याचं, प्रिंटरचं, रक्तदाब मोजायच्या यंत्राचं प्लगिन म्हणजे कुठल्यातरी भल्या माणसाने रविवारी बसून फुकट लिहिलेलं काम. त्याची नोकरी बदलते, त्याला मूल होतं, त्याचा उत्साह संपतो. इकडे अँड्रॉइडची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि जुन्यावर थांबलेलं अ‍ॅप प्ले स्टोअर अपडेट करू देत नाही. त्या भल्या माणसाचा यात काही दोष नाही. त्याने तुमच्याकडून एक पैसा घेतलेला नाही. दोष आहे तो न वाचता उचलणाऱ्याचा आणि वर ग्राहकाकडून पैसे घेणाऱ्याचा. पदरी पडलं आणि पवित्र झालं हे लग्नात ठीक असेल, दुधाच्या हिशेबात नाही.

तिसरा मुद्दा अगदी आजचा. हल्ली एआय लिहून देतं म्हणे. देतं, आणि बरं देतं. त्या चाळीस ओळी आज मिनिटभरात मिळतील. पण ओळ तुटून येते हे काट्यासमोर उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही, आणि जे लक्षातच आलं नाही ते विचारणार कसं? शिवाय आलेलं उत्तर बरोबर की चूक हे बघायला खालची भाषा वाचता यायला हवीच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. कोटेशनमध्ये पडद्यांचा खर्च आणि यंत्राशी जोडणीचा खर्च वेगळा लिहा, आणि जोडणीचा दोन्ही फोनसाठी वेगवेगळा. ज्या आकड्यावर कुणाचे पैसे किंवा कुणाची तब्येत अवलंबून आहे, तिथला पूल स्वतः लिहा, निदान ओळ न् ओळ वाचा. खाली झालेली चूक वर चूक म्हणूनच येऊ द्या. टीममध्ये कॉटलिन आणि स्विफ्ट वाचू शकणारा किमान एक जण ठेवा. आणि सहा महिन्यांचे अ‍ॅप डेव्हलपमेंटचे वर्ग चालवणाऱ्यांनो, मुलांना शेवटचे दोन आठवडे तरी पुलाखाली न्या हो! ती मुलं हुशार असतात. खाली काहीतरी आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

हे महाग पडेल का? थोडं पडेल. पण आज तो खर्च टळत नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगावर जातो. केंद्रावरच्या मुलाच्या अंगावर, ज्याला मशीन असून वही ठेवावी लागते. आणि रांगेतल्या त्या बाईच्या अंगावर, जिने ना फ्लटरचं नाव ऐकलंय ना रिअ‍ॅक्टचं. दोन फोनची बचत तिच्या किटलीतून का वसूल करायची, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

असो. फार लांबलं. माझ्या धंद्यातल्या मंडळींना हे पटणार नसेल तर खाली कॉमेंटमध्ये जरूर भांडा, फक्त भांडायच्या आधी आपल्या अ‍ॅपमधलं एक तरी प्लगिन उघडून वाचून या. आत्या, तू आईला सांग, मी पूल बांधते.