घटते व्याजदर आणि दांपत्याची बचत

रिझर्व्ह बँकेने २०२५ या वर्षात फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार टप्प्यांत रेपो दरात एकूण सव्वा टक्क्याची कपात करून तो ५.२५ टक्क्यांवर आणला. कर्जदारांना यामुळे दिलासा मिळाला; मात्र व्याजावर घरखर्च भागवणाऱ्या कुटुंबांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. भारतीय स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये बचत खात्यावरील व्याजदर अडीच टक्के केला. बँकांच्या मुदत ठेवींचे दरही उतरले. अशा काळात बचत कोठे ठेवावी, याइतकाच ती कोणाच्या नावावर ठेवावी हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

अनेक घरांत सारी बचत पतीच्या एकट्याच्या नावावर असते. वास्तविक, बहुतेक योजनांचे नियम पती आणि पत्नी यांना दोन स्वतंत्र ठेवीदार मानतात. दोघांची मर्यादा वेगळी असते आणि तीच अनेकदा वापराविना राहते.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीत या योजनेचा दर ८.२ टक्के होता आणि ठेव ठेवताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो. एका व्यक्तीसाठी कमाल मर्यादा ३० लाख रुपये असून ती २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात १५ लाखांवरून वाढवण्यात आली. संयुक्त खात्यातील संपूर्ण रक्कम पहिल्या खातेदाराची मानली जाते; त्यामुळे दोघेही साठी ओलांडलेले असल्यास स्वतंत्र खाती उघडून ६० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते.

साठीच्या आतील दांपत्यांना टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजना खुली आहे. याच तिमाहीत तिचा दर ७.४ टक्के होता. एका नावावर नऊ लाख रुपये ठेवल्यास दरमहा ५,५५० रुपये, तर संयुक्त खात्याच्या १५ लाखांच्या कमाल मर्यादेवर ९,२५० रुपये मिळतात. दोघांनी नऊ-नऊ लाखांची स्वतंत्र खाती उघडल्यास हीच रक्कम ११,१०० रुपये होते.

कराच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. पतीने स्वतःचे पैसे पत्नीच्या नावावर ठेवले, तर त्यावरील व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. पत्नीची स्वतःची मिळकत किंवा माहेरकडून मिळालेली रक्कम असेल, तर तिचे व्याज तिचेच उत्पन्न ठरते. एप्रिल २०२५ पासून व्याजावरील करकपातीची मर्यादा ५० हजार, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी एक लाख रुपये करण्यात आली. तथापि, कर कापला गेला नाही म्हणजे तो देय नाही, असा अर्थ होत नाही.

अधिक व्याजाच्या मोहात मुद्दल धोक्यात येऊ नये, हा धडा पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सप्टेंबर २०१९ मध्ये मिळाला. निर्बंध येताच सुरुवातीला प्रत्येक खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येत होते. ठेव विम्याचे संरक्षण तेव्हा एक लाखाचे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच लाख रुपये झाले. ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, प्रत्येक बँकेसाठी आणि प्रत्येक ठेवीदारासाठी आहे. पतीचे, पत्नीचे आणि दोघांचे संयुक्त अशी तीन खाती यासाठी वेगवेगळी धरली जातात.

रक्कम विभागण्याचा लाभ केवळ व्याजापुरता नाही. एका जोडीदाराच्या निधनानंतर दुसऱ्याला स्वतःच्या खात्यातील पैसे लगेच वापरता येतात. ज्या पत्नीच्या नावावर एकही ठेव नाही, तिला मात्र त्याच दुःखाच्या दिवसांत कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. व्याजदर ठरवणे ठेवीदाराच्या हाती नाही. खात्यावरील नावे आणि नामनिर्देशन तपासून पाहणे मात्र प्रत्येक दांपत्याच्या हाती आहे.