मुलांच्या गोष्टीत मरण असू द्या

घरात कुणी गेले की मुलांना शेजारी पाठवायचे आणि 'आजोबा गावाला गेलेत' म्हणून वेळ मारून न्यायची, ही आपली जुनी रीत. त्यामागे माया असते, पण मूल त्यातून सावरत नाही. मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून १९४८ मध्ये दाखवले, की पाचाच्या आतली मुले मरणाला प्रवासच समजतात. 'गावाला गेले' या उत्तराने हाच गैरसमज पक्का होतो. घरच्यांची जीभ जिथे अडते तिथे गोष्ट बोलू शकते. मात्र ती बोध करणारी नव्हे, मुलाच्या मनातले खरे सांगणारी हवी.

मरण आणि मूल म्हटले की मराठी घराला आठवते ती १९३५ ची 'श्यामची आई'. पण तिथे मोठा झालेला श्याम मागे वळून आईचे संस्कार सांगतो; त्या दुःखाला कृतज्ञतेची घडी बसलेली आहे. ताजे दुःख असे घडीचे नसते. प्रकाश नारायण संत यांच्या 'झुंबर' या कथासंग्रहात लंपन या मुलाचे बाबा जातात, तेव्हा सारे त्याच्याच नजरेतून, त्याच्या अर्धवट समजुतीसह येते. पॅट्रिक नेस यांच्या 'ए मॉन्स्टर कॉल्स' (२०११) या कादंबरीतल्या मुलाची आई कॅन्सरने आजारी आहे. हे सगळे एकदाचे संपावे असे त्याला वाटते आणि त्याचीच त्याला लाज वाटते. हुबळीत नवनगरच्या कॅन्सर हॉस्पिटलात आई-बापाला घेऊन येणाऱ्या घरांतल्या एखाद्या मुलाच्या मनातही हेच असेल, तर ते बोलायला त्याला जागा कुठे आहे?

हसत्या-खेळत्या मुलाला कशाला रडवायचे, असे कुणी म्हणेल. पण मरण पुस्तकातून घरात येत नाही. ते आधीच आलेले असते. पुस्तक माणसाची जागा घेऊ शकत नाही, हे खरेच. म्हणून ते मुलाच्या हाती देऊन मोकळे न होता शेजारी बसून वाचून दाखवावे. हुबळी-धारवाडची मराठी मुले कानडी किंवा इंग्रजी शाळेत शिकतात, त्यांना मराठी वाचन जड जाते, हा आक्षेपही इथेच सुटतो. लंपनची कानडी वळणाची मराठी तर त्यांना कानाने घरचीच वाटेल. 'झुंबर' मुळात मोठ्यांसाठी लिहिलेले आहे, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. बारा-तेराच्या मुलांना ते पेलेल, सहा-सात वर्षांच्यांना नाही.

म्हणून मराठी लेखक-प्रकाशकांनी लहानग्यांसाठी अशी पुस्तके आणावीत, आणि हुबळी-धारवाडच्या मराठी मंडळींनी आपल्या वाचनालयांत त्यांच्यासाठी एक कप्पा ठेवावा. घरातल्यांनी करायचे ते याहून सोपे आहे: मुलाने विचारले, तर खरे सांगा.